वर अण्णा, खाली मुंग्या

"आलं का गं?"

"न्हाय!"

"आता?"

"अजून न्हाय, अण्णा!"

गच्चीवर रावजीअण्णा दोन्ही हातांनी अँटेनाचा पाइप फिरवत होते आणि त्यांची लेक विजयमाला दारात उभी राहून ओरडत होती. एक डोळा खोलीतल्या टीव्हीवर, दुसरा गच्चीवर. एकोणऐंशी साली सोलापुरात ज्या मोजक्या घरांत टीव्ही होता, तिथं असंच चालायचं. गुलबर्ग्याचं केंद्र धरायचं तर एकानं वर चढायचं आणि एकानं खाली ओरडायचं. एवढं करून दिसायच्या त्या कानडी बातम्या, त्याही पडद्यावरच्या मुंग्यांतून.

जालिंदर नेमका त्याच वेळी सायकलवरून चालला होता. कुंभारी गावचा मुलगा, पुण्याला टीव्ही दुरुस्ती शिकून आलेला, नवी पेठेतल्या रेडिओच्या दुकानात कामाला. एप्रिलच्या उन्हात कुणीतरी अँटेना भलतीकडंच फिरवतंय हे बघून त्याला राहवलं नाही. सायकल भिंतीला टेकवून तो म्हणाला, "ताई, अण्णांना म्हणावं, उगवतीकडं करा. गुलबर्गा तिकडं हाय."

"गुलबर्गा न्हाय लावायचा. गेम लावायचाय."

विजयमालाचे मामा महिपती मस्कतला नोकरीला होते. सुट्टीवर येताना त्यांनी टीव्हीवर खेळायचा एक डबा आणला होता. त्याच्या दोन खुंट्या फिरवल्या की पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या वरखाली व्हायच्या आणि एक ठिपका इकडून तिकडं टोलवायच्या. निदान तसं व्हायला हवं होतं. अण्णांच्या टीव्हीवर दोनाच्या चार पट्ट्या दिसत आणि ठिपका मुंग्यांत हरवून जाई. अण्णांचे दोन ट्रक होते आणि ट्रकचं वायरिंग ते स्वतःच करत. त्यामुळं गेमची वायर अँटेनाच्या वायरीवर पिळून त्यांनी निकालही देऊन टाकला होता, की दोष अँटेनाच्या दिशेचा.

जालिंदरनं आत येऊन टीव्हीची मागची बाजू पाहिली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग पुढं आलेला पाण्याचा तांब्या पाहिला, तांब्यामागची विजयमाला पाहिली... आणि तोंड मिटलं.

"लई नाजूक काम हाय," तो म्हणाला. "वरचा माणूस वरच राहू द्या."

खरं म्हणजे विजयमालाला सगळं ठाऊक होतं. डब्याबरोबरची इंग्रजी पुस्तिका तिनं पहिल्याच दिवशी वाचली होती. चित्र डब्यातच तयार होतं, अँटेनाची वायर आधी काढून ठेवा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बी.एस्सी. झालेल्या मुलीला ते कळायला जड नव्हतं. अण्णांना सांगायला गेली तर "मला वायरिंग शिकवू नगंस" म्हणून त्यांनी उडवून लावलं, तेव्हा ती रागानं गप्प बसली होती. आता मात्र ती गप्प बसली ते वेगळ्याच कारणानं. पुस्तिका तिनं हळूच चादरींच्या घडीत सरकवली. मेकॅनिक कच्चा दिसतोय, असं तिला वाटलं, आणि का कोण जाणे, तिला फार बरं वाटलं.

मग दर रविवारी जालिंदर येऊ लागला. तो आला की अण्णा वर जात. खाली दोघं दोन खुंट्या धरून बसत, चाचणी म्हणून.

"ठिपका कुटं गेला?"

"तुमच्याकडं हाय."

"मला तर दिसंना..."

"मला दिसतोय की."

तो पडद्याकडं बघत नव्हता.

तिसऱ्या रविवारी त्यानं "ताई" म्हणायचं सोडून दिलं. दुसरं काही म्हणायची छाती नव्हती, म्हणून "जरा ऐकता का" वर भागवू लागला. हे स्वयंपाकघरात कांदा चिरणाऱ्या मुक्ताबाईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, ध्यानात आलं असणार, कारण चिरायचा आवाज थांबला.

चौथ्या रविवारी मे उजाडला होता आणि मोडनिंबहून निरोप आला होता. सोमवारी मुलाकडचे बघायला येणार. घर चांगलं होतं, मुलगाही चांगला होता, नाव ठेवायला जागा नव्हती. पाहुण्यांना गेम दाखवायचा असं अण्णांनी ठरवून टाकलं.

"उद्या चित्र आरशावानी पायजे," त्यांनी जालिंदरला बजावलं, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि वर गेले. दुपारचे दोन वाजले होते.

"उद्या पाहुणे... कशाला?" जालिंदरनं विचारलं.

"मला बघायला."

तो हातातली खुंटी नुसतीच फिरवत राहिला.  ह्या कच्च्या मेकॅनिकवर आपला जीव जडलाय आणि हातात आजचीच दुपार आहे, हे विजयमालाला लख्ख कळलं.

"आलं का गं?" वरून अण्णांचा आवाज आला. घसा सुकला होता.

"अण्णा उन्हात हायत," जालिंदर हळूच म्हणाला. "पाइपाचा चटका बसत आसंल. मला आता बघवंना."

तिलाही बघवत नव्हतं. तिनं चादरींतून पुस्तिका काढून त्याच्यापुढं ठेवली. "चित्र ह्या डब्यातच हाय. अँटेनाचा काय बी संबंध न्हाय. मला आधीपास्नं म्हाईत हाय."

त्यानं पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. "मलाबी. पयल्या दिवसापास्नं."

"मग अण्णांना वर कशाला चढवलं?"

"तुमी खाली हुता... म्हणून."

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. "मला वाटलं, तुमाला काम येत न्हाय."

"तरी बोलवत हुता?"

"म्हणून तर बोलवत हुते."

"आन् उद्याचं?"

"ते माझ्यावर सोडा. आधी चित्र आणा."

जालिंदरनं अँटेनाची वायर काढली, गेमच्या वायरीची टोकं खरवडून स्क्रूखाली आवळली, चॅनेलचं बटण केसभर फिरवलं. मुंग्या गेल्या. दोनच पट्ट्या, एकच ठिपका.

"आलं, अण्णा! या खाली!"

अण्णा घामानं निथळत आत आले आणि पडदा बघून खूश झाले. "शेवटी दिशा सापडली का न्हाय?" मग त्यांना जमिनीवर लोंबणारी वायर दिसली. ट्रकवाल्या माणसाला वायरीचं सुटं टोक ओळखायला वेळ लागत नाही.

"ही कवा काढली?"

"आत्ताच," जालिंदर म्हणाला.

"मग चार रविवार मी वर काय करत हुतो?"

 आत कांदा चिरायचा आवाज पुन्हा थांबला.

"तुमी वर गेला की आमाला खाली बोलता यायचं," विजयमाला म्हणाली.  "मला ह्यांच्याशी लगीन करायचंय, अण्णा. मोडनिंबच्या लोकांना उगं हेलपाटा नगं."

अण्णा खाली बसले. तांब्याभर पाणी प्यायले. मग एक खुंटी धरून ठिपका टोलवून पाहिला.

"कुंभारीला कुणाचा रं तू?"

"धोंडिरामांचा."

"पुढल्या रविवारी घेऊन ये त्यास्नी."

मोडनिंबला त्याच संध्याकाळी निरोप गेला.

पुढच्या रविवारी धोंडिराम आले. नवा सदरा घातलेला जालिंदर टेकतोय न टेकतोय तोच अण्णा म्हणाले, "तू वर जा. अँटेना फिरव."

"अण्णा, वायर तर जोडल्याली न्हाय—"

"मला वायरिंग शिकवू नगंस. जा."

गेला बिचारा. खाली दोन्ही बाप एकेक खुंटी धरून बसले आणि खेळता खेळता सोयरेधायरे, भाऊबंद, शेतीवाडी सगळं बोलून झालं. मधूनच वरून आवाज यायचा, "आलं का?" अण्णा डोळ्यानं खुणावायचे आणि विजयमाला दारातून ओरडायची, "न्हाय!" सुरुवातीला तिला मोठी मजा वाटली. पुढं पुढं वाटेना.

मुक्ताबाई साखरेची वाटी घेऊन आल्या. दोघा व्याह्यांनी एकमेकांच्या तोंडात साखर घातली. त्यानंतर मात्र विजयमाला अण्णांच्या खुणेसाठी थांबली नाही. तशीच अनवाणी, तापलेल्या फरशीवर अंगणात धावली.

"या खाली," ती म्हणाली. "सावलीत या."