शाल्मलीचा जांभळा पेरू

पेरूच्या रोपाची पानं जांभळी का पडावीत?

चंद्रावरच्या वसाहतीत, काचेच्या मळ्यात शाल्मली याच कोड्यात पडली होती. पाणी, प्रकाश, खत, सगळं वेळेवर. तरी रोप वीतभरच. आजोबांच्या कळकट कुंडीतला कढीपत्ता मात्र मस्त माजला होता! महिनाअखेरच्या तपासणीपर्यंत पेरूला हिरवं पान फुटलं नाही, तर तो उपटून वाफा दुसऱ्याला देणार होते.

“माती कशी तयार केलीस गं?” आजोबांनी विचारलं. ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते.

“नियमाप्रमाणे भट्टीत भाजून. मी तर दोनदा भाजायला लावली!”

“एकही जंतू शिल्लक नाही,” मळ्याचा यंत्रमानव लख्खू ऐटीत म्हणाला.

“अरे, माती भाजलीत की पापड?” आजोबा हसले. “रोपाला फॉस्फरस (वाढीला लागणारं एक मूलद्रव्य) हवा. तो कमी पडला की पानं जांभळी पडतात. खतात तो आहे, पण मातीच्या कणांना घट्ट चिकटतो. मुळाजवळचा संपला की लांबचा कोण आणणार?”

“मूळच वाढेल की तिकडे.”

“वाढतं, पण हळूहळू. जिवंत मातीत एक बुरशी मुळात शिरून राहते आणि आपले कवकतंतू (केसाहून बारीक धागे) दूरवर पसरवते. या जोडीला कवकमूळ म्हणतात. धागे फॉस्फरस आणतात, रोप त्यांना साखर देतं.”

“आणि कणांना चिकटलेला?”

“धाग्यांवर जिवाणू (एकाच पेशीचे सूक्ष्म जीव) असतात. धाग्यांतून पाझरलेली साखर खातात आणि आम्ल सोडून फॉस्फरस सुटा करतात.”

“अरे देवा! म्हणजे मी सगळ्या कामकऱ्यांनाच हाकललं!”

शाल्मलीने कढीपत्त्याच्या कुंडीतली, कधीच न भाजलेली मूठभर माती उचलली. लख्खू आडवा आला.

“थांब, शाल्मलीताई! यात कोट्यवधी जंतू आहेत. आण इकडे, भाजतो!”

“त्यातला रोग पसरवणारा कुठला, तेवढं सांग.”

लख्खूने मातीवरून जंतू ओळखणारा दिवा फिरवला. बराच वेळ फिरवला.

“एकही नाही,” तो पुटपुटला.

“मग हो बाजूला!”

तिने ती माती पेरूच्या मुळांशी घातली. तपासणीच्या आदल्या दिवशी रोपाच्या शेंड्याला दोन पानं दिसली. चक्क हिरवीगार! लख्खू वाफ्याभोवती गोल गोल फिरला आणि चाकं न पुसताच निघाला.

“अरे, चाकांना माती लागलीय!” शाल्मली ओरडली.

“माती नाही, प्रवासी आहेत, ताई,” लख्खू म्हणाला. “पलीकडच्या टोमॅटोपाशी सोडून येतो.”