दोन ठोके

तीन नंबरच्या सायलोत काहीच नव्हतं, आणि घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

सायलो म्हणजे सिमेंट साठवायचं सहा मजली उंच लोखंडी पिंप. आत माल किती उरलाय हे बघायला कोणी डोकावत नाही. छताला रडार बसवलेलं असतं, ते खाली लहर सोडतं, लहर मालावर आपटून परत येते आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर एक टेकडी उमटते. टेकडी जिथे, तिथे माल; पिंप रिकामं असेल तर तळ. तीन नंबरचं पिंप सकाळीच रिकामं केलं होतं, तरी तळाच्या टेकडीच्या जरा वर आणखी एक चिमुकली टेकडी दिसत होती. साधारण माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. सिमेंटचा टँकर दारात खोळंबला होता आणि ऑपरेटरबाई भरणी सुरू करायला तयार नव्हत्या.

म्हणून भर दुपारी जेवणाचा डबा अर्धवट टाकून रडारभाऊंना उठावं लागलं. कारखान्यात त्यांना सगळे याच नावाने ओळखत. मदतीला बायकोचा धाकटा भाऊ होता. मेहुणा कामाला वाघ, फक्त तोंडाचा पट्टा थांबत नसे.

"सिमेंटचा गोळा चिकटला असेल कुठेतरी," भाऊ म्हणाले. "मी आत बघतो. तू वर जा. बाहेर आलो की ठोके देतो, मग मॅप कर."

मॅप करायचं म्हणजे फोनवरून रडारला सांगायचं, आत्ता तुला जे दिसतंय ते नाहीच असं धर. शिडी, तुळई, पत्र्याचा उंचवटा, सगळ्याकडे ते मग कायमचा काणाडोळा करतं. आत माणूस असताना मॅप करायचं नाही, हा दोघांचा नियम होता. खालच्याने बाहेर येऊन पान्याने पत्र्यावर दोन ठोके द्यायचे. त्याचा अर्थ, आत कोणी नाही. वरच्याने एक ठोका द्यायचा. त्याचा अर्थ, ऐकलं. वॉकीटॉकी होती, पण लोखंडाच्या पोटात ती कधी दगा देईल याचा नेम नसे.

"लवकर आटपा दाजी. संध्याकाळी पोरीचं नाटक आहे. उशीर झाला तर ताई मला घरात घेणार नाही."

"तुला घेईल रे. मलाच घेणार नाही," भाऊ हसले. पहिल्या रांगेत बसेन असा त्यांनी लेकीला शब्द दिला होता.

भरणीच्या झडपेला कुलूप घालायला हवं होतं. पण पाच मिनिटांच्या कामाला कोण एवढा खटाटोप करतो? हत्यारांची पेटी खांद्याला अडकवून, तळाजवळच्या गोल दारातून वाकून भाऊ आत शिरले.

आत तापलेल्या लोखंडाचा आणि दमट सिमेंटचा वास कोंडला होता. श्वास घेतला तरी त्याचा आवाज भिंतींवरून फिरून कानाशी यायचा. बॅटरीच्या उजेडात त्यांनी चारी बाजू पाहिल्या. गोळा नाही, काही नाही. फक्त मधोमध, डोक्याच्या उंचीवर, धूळ तरंगत होती. ती खाली बसत नव्हती. भाऊ तिच्याखाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी वर पाहिलं.

तेवढ्यात बाहेरून पत्र्यावर दोन ठोके पडले. पहिला जोरात, दुसरा हलका. भाऊ स्वतः द्यायचे, अगदी तसे.

वरून एक ठोका आला.

"अरे थांब..." भाऊ ओरडले आणि दाराकडे धावले. दार त्यांच्या तोंडावर लागलं. मग बाहेरून बोल्ट आवळल्याचा आवाज येऊ लागला, एकेक करून, सावकाश.

भाऊंनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "अरे, थांब... मी आत आहे... दार उघड रे... पोरगी वाट बघेल..."

त्यांचं बोलणं वर पोचलंच नाही. खरखरीतून मेहुण्याचा आवाज मात्र आला. "मॅप झालं दाजी. एकदम साफ. निघायचं?"

आणि मग भाऊंनी स्वतःचाच आवाज ऐकला. "हो. दार लावलं. भरू दे."

त्यांची पाचावर धारण बसली. वर पाइपात हिस्स आवाज झाला आणि सिमेंट कोसळू लागलं. घोट्याला गरम भुकटी लागली. दारावर मुठी मारून हात सोलवटले, पण पडत्या मालाच्या गोंगाटात ते कोण ऐकणार? रडारच्या लेखी तर ते नव्हतेच.

पण नव्हते ते तेवढ्याच उंचीवर. हे सुचलं तसे भाऊ भिंतीच्या शिडीकडे धडपडले. मॅप केलेल्या उंचीच्या वर गेलं की रडारला दिसणारच. खोकत, डोळे मिटून ते चढत राहिले. बरंच वर आल्यावर त्यांनी हत्यारांच्या पेटीचं पत्र्याचं झाकण लांब हात करून रडारच्या रोखाने धरलं.

तेव्हा शिडी हलली. खालून कोणीतरी चढत होतं. एक पायरी... थांबून आणखी एक. भाऊंनी खाली पाहिलं नाही. हात भरून आला, तरी झाकण सोडलं नाही.

सिमेंट थांबलं. खाली दार उघडलं आणि उजेड आला. भाऊ उतरू लागले. हाताखालची एकेक पायरी कोमट लागत होती.

बाहेर ऑपरेटरबाई धावत आल्या होत्या. "पडद्यावर एकदम टेकडी वर सरकली म्हणून भरणी बंद केली. पण भाऊ... टेकड्या दोन होत्या. दुसरी तुमच्या मागोमाग चढत होती."

"दाजी, तुम्हीच तर बोललात, दार लावलं म्हणून," मेहुणा काढलेले बोल्ट खाली ठेवत म्हणाला.

तिघांनी दारातून बॅटरी मारली. ताज्या सिमेंटवर शिडीपासून दारापर्यंत पावलं उमटली होती. एकाच माणसाची. भाऊंनी स्वतः दार लावलं, बोल्ट आवळले आणि मेहुण्याच्या फोनवरून मॅप पुसून टाकला. आता आत मुंगी असती तरी लपली नसती, असं त्यांना वाटलं. फोनवर एकच टेकडी होती, तळाची. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाई कंट्रोल रूमकडे गेल्या आणि थोड्याच वेळात पाइप पुन्हा हिसहिसू लागला.

मेहुण्याच्या कमरेची वॉकीटॉकी खरखरली.

"अरे, थांब... मी आत आहे... दार उघड रे... पोरगी वाट बघेल..."

मेहुण्याने यंत्राकडे पाहिलं, मग भाऊंकडे, आणि तो एक पाऊल मागे सरला. "दाजी... आत कोण आहे?"

भाऊंना पुन्हा त्या दाराजवळ जायचं नव्हतं. काही झालं तरी नव्हतं. त्यांना घरी जायचं होतं, पहिल्या रांगेत बसायचं होतं.

"आत कोणी नाही," ते म्हणाले. मेहुण्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी पाना उचलला आणि पत्र्यावर दोन ठोके दिले. पहिला जोरात, दुसरा हलका.

मेहुणा त्यांच्या समोरच उभा होता. छतावर कोणी नव्हतं. तरी वरून एक ठोका आला.