कालव्याच्या चौकातला साक्षीदार

चहा ओतून घ्या आधी. आणि तो मोबाइल उलटा ठेव रे, खालून उजेड पडला की तूच भूत दिसतोस. हसा, हसा. कालव्याच्या चौकातून रोज स्कूटर दामटत येता ना, म्हणून सांगतोय. ऐकीव नाही हे. माझ्या शेजारच्या आ-तियेनचं आहे, आणि त्यातलं शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आ-तियेन मासळीच्या तळ्यांवर काम करायचा. पाण्यात हवा खेळवणाऱ्या त्या चक्क्या असतात ना, त्या दुरुस्त करायचा. हातात कसब, आणि तोंड मात्र असं फटकळ की देवळातला देवही कान झाकेल. गेल्या वर्षी नववर्षाचा सण उरकला आणि दोन दिवसांनी त्याला चौकात ट्रकनं उडवला. डाव्या गुडघ्याचा पार चुरा. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ऑपरेशन झालं तर चालशील, नाहीतर जन्मभर कुबडी. ऑपरेशनचा खर्च निघणार ट्रकवाल्याच्या भरपाईतून. आणि ट्रकवाला छातीठोक सांगत होता, लाल दिवा यानंच तोडला! साक्षीदार? चिटपाखरू नव्हतं तिथं.

ट्रकमालकाचा माणूस मात्र पेरूची टोपली घेऊन सारखा दारात. "तियेनभाऊ, सही करा, मिटवून टाकू. कशाला कोर्टकचेरी? आधी बरे व्हा." गोड बोलून दिवस ढकलायचे, दुसरं काय. सहा महिन्यांत तक्रार दिली नाही की हात चोळत बसायचं, कायदाच तसा आहे. मुदत संपायला चार दिवस उरले आणि वान-रूवहिनीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, धीर सुटला.

"आ-तियेन, नगर कचेरीत गुरुवारी संध्याकाळी फुकट वकील बसतो. जाऊन तरी ये!"

"फुकट ते पौष्टिक, नाही का?" हा म्हणाला. पण गेला. करतो काय? तो पाय घेऊन त्याला ना माडीवर चढता येत होतं, ना कामावर जाता येत होतं. खोलीत बसून भिंती बघायच्या. माणूस आतून कुजत चालला होता.

सातवा महिना, भुताखेतांचा. तिथी बारावी. दिवेलागण झालेली. कुबडी स्कूटरला बांधली आणि निघाला. वाटेत तोच चौक. थांबला. त्याच्या दोन वर्षं आधी बर्फाच्या कारखान्यातला एक व्हिएतनामी पोरगा तिथं विजेच्या सायकलवरून जाताना मेला होता, आठवतं का तुम्हाला? खांग नाव त्याचं. देह विमानानं घरी गेला. पण चौकात अडकलेला त्याचा जीव बोलावून न्यायला कुणी आलं नाही. गरीब माणसं ती, समुद्रापलीकडून कशी येणार?

आ-तियेननं उदबत्त्या लावल्या, मातीत खोचल्या आणि म्हणाला, "पोरा, तू इथंच असतोस. लाल दिवा कुणी तोडला ते तू पाहिलंयस. चल माझ्याबरोबर. चल, आणि सांग."

अरे, 'चल' हा शब्द अपघाताच्या जागी घरच्या माणसानं बोलायचा. तोही आपल्या माणसाचं नाव घेऊन. आ-तियेनला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण गरजवंताला अक्कल नसते.

कचेरीत वकीलबाई होत्या, फांग नावाच्या. तरुण, शहरातून आलेल्या, इकडचं काही माहीत नसलेल्या. आ-तियेन आत शिरला तशा म्हणाल्या, "बसा. आणि तुम्हीही बसा ना."

यानं मागं वळून पाहिलं. दार बंद होतं.

त्याला वाटलं, बाईंची बोलायची रीत असेल. तो बसला. शेजारची खुर्ची रिकामी. बाई त्या खुर्चीकडे बघून हसल्या. "हेल्मेट काढा की. आत आलात आता."

मग त्यांचं हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर. पेन थांबलं.

"...राहू द्या. राहू द्या. घालूनच बसा."

आ-तियेननं कुबडी ओढली. उठावं, तर पाय उठेना. बाईही उठेनात. शहाणी बाई, घाबरली तरी काम सोडलं नाही. हळू आवाजात विचारत राहिली. त्या खुर्चीला. मध्येच मान हलवायची. मध्येच म्हणायची, "जरा सावकाश बोला, तुमचे उच्चार मला कळत नाहीत."

याला एकच बाजू ऐकू येत होती. दुसऱ्या बाजूला नुसता पंखा.

शेवटी बाई याच्याकडे वळल्या. "हे म्हणतात, तुमचा दिवा हिरवा होता. ट्रकवाला मोबाइल बघत होता. पलीकडच्या तळ्यावर पंपाची खोली आहे, तिथं मासेचोरांसाठी कॅमेरा लावलाय. पोलिसांनी तिकडे पाहिलंच नाही. उद्याच्या उद्या तक्रार द्या. सही कशावरही करू नका."

"हो बाई."

"आणि... हे विचारतायत, तुमचं घर किती लांब आहे?"

"बाई, तो माझा कुणी नाही हो!"

"पण तुम्हीच बोलावलंत म्हणतायत. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी 'चल' म्हणालं म्हणे."

परत येताना स्कूटर मागून दबलेली. आरशात काही नाही. चौक आला. आ-तियेन थांबला. म्हणाला, "उतर."

स्कूटर तशीच दबलेली.

"बाबा रे, उतर. हात जोडतो."

बेडूक ओरडत होते... ते थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच हे सगळं मला सांगितलं. मी विचारलं, "मग उतरला का?" तो म्हणाला, "मी चौकात थांबलो, एवढंच आठवतं. घरी कसा आलो, आठवत नाही." हे सांगताना त्यानं एकही शिवी दिली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढं सगळं चांगलंच झालं बघा. कॅमेरा निघाला. तळेवाल्याचे मासे अपघाताच्याच आठवड्यात चोरीला गेले होते, म्हणून त्यानं चित्रण जपून ठेवलं होतं. ट्रकवाल्याचं तोंड बंद. भरपाई मिळाली, ऑपरेशन झालं, आ-तियेन स्वतःच्या पायांवर चालायला लागला. गल्लीत आम्ही फटाके लावले!

पण वहिनीनं 'आ-तियेन' म्हणून हाक मारली की तो वळेना. उंबऱ्यावर बसून समुद्राच्या दिशेनं बघत राहायचा. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा जेवायचा, वाढलं की मान लववायची. आणि एक दिवस ताट ठेवताना तो वहिनीला म्हणाला, "पुरे, ताई."

ताई!

वहिनी रडतच देवळातल्या भगताकडे गेली. मी सोबत होतो. भगतानं कौल लावला, पुन्हा लावला, आणि विचारलं, "अपघातानंतर चौकात जाऊन नवऱ्याचा जीव बोलावून आणला होतास?"

"मी हॉस्पिटलात होते हो. तो म्हणाला, असली थेरं नकोत."

"मग घाबरलेला अर्धा जीव तिथंच राहिला, पोरी. त्याला कुणी बोलावलं नाही. आणि यानं बोलावलं ते दुसऱ्यालाच. देहाच्या अर्ध्या रिकाम्या घरात तो येऊन राहिला, त्याचा तरी काय दोष?"

त्याच रात्री आम्ही गेलो. वहिनी, मी, आणि मध्ये तो. वहिनीनं आ-तियेनचा जुना सदरा अंधारात हलवला आणि हाक मारली. "आ-तियेन! घरी चल!"

तिनं सदरा पुन्हा हलवला.

"आ-तियेन, घरी चल रे..."

कालव्याच्या बाजूनं आवाज आला.

"आलो, आलो! बोंबलतेस कशाला?"

त्याचाच आवाज. तोच फटकळपणा. माझ्या हातात बॅटरी होती. मी ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर धरली. ओठ मिटलेले. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

आम्ही थांबलो. खूप वेळ थांबलो.

कुणी आलं नाही.

वहिनी अजून जाते. दिवस मावळला की सदरा घेऊन निघते. हाक मारते, आणि रोज उत्तर येतं. परवा मी तिला धीर द्यायला म्हणून विचारलं, "वहिनी, आवाज थोडा जवळ येतोय का गं?"

ती म्हणाली, "नाही भाऊजी. पहिल्या दिवशी होता तिथूनच येतो."