धामणीचा सोटा

कुऱ्हाडींना, कुदळींना दांडे बसवून देण्याचं अब्बासमियांचं, रोह्याजवळच्या अष्टमी गावातलं दुकान झुबेरला हवं होतं. कतारची नोकरी सोडून आलेल्या लेकाला म्हाताऱ्याने एकच अट घातली: दांड्यांसाठी धामणीच्या झाडाचं लाकूड स्वतः डोंगरावरून उतरव, मग दुकानात बस. म्हणून झुबेर निडी गावच्या दोस्ताच्या, कान्हूच्या, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीकडे निघाला. बरोबर कान्हू आणि त्याची बायको मालू.

कुऱ्हाडीचा दांडा झुबेरनेच आदल्या दिवशी बसवला होता. पण घाईत, ओल्या लाकडाचा! चैत्राच्या उन्हात तो आकसणारच. ओढ्यापाशी कान्हूने दोनदा बजावलं, की कुऱ्हाड घटकाभर पाण्यात ठेव, लाकूड फुगून पातं घट्ट धरेल. पण ऐकेल तो झुबेर कसला! पाचर ठोकलीय म्हणाला आणि सुटला पुढे. आता काय म्हणावं या शहाण्याला!

वर धामण मात्र झकास मिळाली. सरळ, चिवट सोट्यांची मोळी बांधून झाली आणि शेजारची करवंदीची जाळी हलली.

रानडुक्कर! थेट कान्हूवर! सुळा मांडीत घुसला, वरपर्यंत चिरत गेला. रक्ताची चिळकांडी उडाली. झुबेरने जीव खाऊन कुऱ्हाड हाणली. पातं सटकलं! गरगरत दरीत गेलं. हातात नुसता दांडा!

डुक्कर वळलं. झुबेरने दांडा घातला, त्याचे दोन तुकडे झाले. धडकेसरशी तो मोळीवर आपटला. हाताला सोटा लागला, तोच त्याने जबड्यात आडवा कोंबला. सोटा वाकला. पार वाकला! पण मोडला नाही. तेवढ्यात मालूने कान्हूचा कोयता उचलला आणि डुकराच्या मानेवर घातला. पुन्हा घातला. डुक्कर थंड झालं तरी तिचा हात थांबेना.

कान्हूचं रक्त वाहत होतं. मालूने पदर फाडून मांडी आवळली. झुबेरने एकदा मोळीकडे पाहिलं. दुकान तिथेच पडलं होतं. त्याने तोच दात उमटलेला सोटा घेतला, मोळीखाली चुंबळीला आणलेल्या चादरीची त्याला झोळी बांधली, कान्हूला आत घातलं. बाकीची मोळी तिथेच राहिली.

उतारावर झुबेर-मालूच्या खांद्यांवर सोटा पावलागणिक करकरत होता. झुबेरला रडू आवरेना. माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं, एवढंच तो बोलत होता.

"रडतोस काय? खांदा बदल," झोळीतून कान्हू म्हणाला. "वयनी दमली तुझी."

रोह्याच्या दवाखान्यात कान्हूला टाके पडले. डॉक्टर म्हणाले, वाचला. झुबेर रक्ताने माखलेला सोटा घेऊन दुकानात गेला.

"येवढाच आणलास?" अब्बासमियांनी विचारलं.

"कान्हूलापन आणलंय, अब्बा."

मग त्याने घडलेलं सगळं सांगितलं, पातं सुटलं तेही. म्हाताऱ्याने सोट्यावरचे दातांचे वण बोटांनी चाचपले.

"सावलीत सुकव," ते म्हणाले. "घाई करू नुको." आणि बाजूला सरकून त्यांनी लेकाला बसायला जागा केली.

पावसाळा सरल्यावर त्या सोट्याचा पहिला दांडा कान्हूच्या कुऱ्हाडीला बसला. कान्हू लंगडत घ्यायला आला. झुबेरने कुऱ्हाड त्याच्या हाती दिली नाही. आधी पाण्याच्या बादलीत बुडवली, आणि लाकूड फुगेपर्यंत दोघं चहा पीत बसले.