ऑल्डेवारचा पूलवाला

"गुडघे वाकव जरा. अशी ताठ राहिलीस तर आपटशील."

हिस्के जागच्या जागी थबकली. गोठलेल्या कालव्यावर तिच्यासमोर एक उंच, लाल नाकाचा तरुण उभा होता आणि हा बाबा तिला... तीन हजार मीटरमध्ये युरोप जिंकलेल्या हिस्केला... स्केटिंग शिकवत होता! आता हॉलंडच्या या फ्रीसलंड प्रांतात हे काही नवीन नाही म्हणा. कालवा गोठला रे गोठला की पोराटोरांपासून पाद्र्यापर्यंत सगळेच उस्ताद होतात. त्यातून तिने टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, गळपट्टा नाकापर्यंत. ओळखणार तरी कसा?

"ओळख ना पाळख, आणि एकदम अगं-तुगं?" ती म्हणाली.

"बर्फावर अहो-जाहो करायला वेळ कुणाला आहे? चल, माझ्या मागे ये. वारा मी अडवतो." आणि त्याने पाठीमागे हात केला, तिने धरावा म्हणून.

हिस्के जन्मात कुणाच्या मागे गेली नव्हती. पण त्या दुपारी समोरून वारा बोचत होता, आणि मनातलं तर विचारूच नका. तिने हात धरला. त्याचं स्केटिंग म्हणजे काय सांगावं... उजवा पाय एका गावाला, डावा दुसऱ्या! हात मात्र छान ऊबदार होता. तिने तो लवकर सोडला नाही.

त्याचं नाव गेर्बन. ऑल्डेवार गावातला उचलता पूल तो सांभाळायचा. बोट आली की पूल वर, बोट गेली की खाली. कालवा गोठल्यामुळे बोटी बंद, म्हणून स्वारी मोकळी होती.

काठावर आक्के मावशीची टपरी होती. तिथे बडीशेपेचं गरम दूध घेताना हिस्केने गळपट्टा खाली केला आणि मावशीच्या हातातला डाव तसाच राहिला.

"गेर्बन, गाढवा, कुणाला शिकवत होतास कळतंय का तुला? हिचा फोटो लावलाय मी घरात."

गेर्बनचे कानही लाल झाले. "म्हणजे... ते गुडघ्यांचं मी..."

"बरोबरच बोललास तू," हिस्के म्हणाली. आणि का कोण जाणे, प्रशिक्षकालाही धड न सांगितलेलं तिने या परक्या माणसाला सांगून टाकलं. गेल्या हिवाळ्यात शेवटच्या वळणावर ती पडली होती. खांदा मोडला. खांदा जुळला, पण तेव्हापासून वळण आलं की अंग आपोआप ताठ होई आणि सगळा वेग जाई. शनिवारी हेरेनवेनला निवडीची शर्यत होती. तिथे ताठ झाली की संघातली जागा गेली, आणि या वयात गेलेली जागा परत मिळत नसते.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," गेर्बन म्हणाला. "पण तुझ्यासाठी दुधाचा पेला धरून उभा राहू शकतो."

"तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी सरावानंतर ती पुन्हा आली, ती एक गोष्ट ठरवूनच. कालवा जिथे डावीकडे वळतो तिथे ती वेगात आली, वाकली आणि मुद्दाम पडली. घसरत थेट काठच्या लव्हाळ्यात गेली. उठली. पुन्हा पडली. प्रशिक्षकाने पाहिलं असतं तर त्याने तिला घरीच कोंडलं असतं!

"आज किती आपटायचा विचार आहे?" गेर्बनने विचारलं. आवाज थट्टेचा होता.

"भीतीला कंटाळा येईपर्यंत."

"तिला येईल तेव्हा येईल. मला आधीच रडू येतंय."

"मग डोळे मीट."

"छे... मग तू दिसणार नाहीस ना."

हिस्के बर्फावर बसल्या बसल्याच त्याच्याकडे बघत राहिली. कोपर सोललं होतं, केसांत बर्फाचा चुरा, आणि तरी तिला फार बरं वाटत होतं. मग ती उठली आणि पुन्हा वळणाकडे निघाली.

शुक्रवारी पाऊस आला, बर्फ भिजलं. ती निघताना गेर्बनने विचारलं, "उद्या... येऊ मी बघायला?"

"नको."

त्याचा चेहरा पडला.

"इथलं वेगळं होतं, गेर्बन. तिथे सगळ्यांदेखत, तुझ्यासमोर पडायची मला लाज वाटेल. आणि लाज वाटली की मी ताठ होते."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. तिला वाईट वाटलं, पण शब्द तिने परत घेतला नाही.

शनिवारी नेमकं शेवटचं वळण तिला आतल्या मार्गिकेतून आलं, गेल्या हिवाळ्यात पडली होती तसंच. पाय पेटले होते. छातीत भीती उठली... उठू दे, तिने ठरवलं, तुझी-माझी आता चांगली ओळख आहे. ती वाकली. आणखी वाकली. अंग ताठ व्हायला बघत होतं, तिने होऊ दिलं नाही. रेषा ओलांडली तेव्हा स्टेडियम दणाणत होतं आणि फलकावर तिचं नाव सगळ्यात वर होतं.

सत्कार उरकला तशी तिने गाडी काढली. ऑल्डेवारला पोचली तर पूल उभा! पावसाने विरलेलं बर्फ फोडत खालून मालाचं गलबत संथ चाललेलं, आणि पलीकडच्या केबिनमध्ये गेर्बन. ती उतरून फाटकापाशी गेली. त्याने खिडकी उघडली.

"काय झालं गं?"

"रेडिओ नाही ऐकलास?"

"शेवटच्या फेरीला बंद केला. धीर होईना."

मागच्या पावाच्या गाडीतला माणूस डोकं काढून ओरडला, "जिंकली ती, शहाण्या! आता पूल खाली घे."

गेर्बनने टोपी काढली आणि तोंडावर धरली. गलबत गेलं. पूल जागचा हलेना. गाड्यांचे भोंगे सुरू झाले.

"गेर्बन, पूल!"

"घेतो. आधी सांग... पुढच्या शर्यतीला तरी येऊ का?"

हिस्केला हसू आलं आणि डोळेही भरले. अख्खी रांग ऐकत होती. ऐकू दे.

"ये," ती पाण्यापलीकडे ओरडली. "पहिल्या रांगेत बस. मी जिंकेन, हरेन, पालथी पडेन. तुझ्यासमोर मला कशाचीच लाज वाटायची नाही. मला तू हवा आहेस, गेर्बन!"

भोंगे थांबले. पूल सावकाश खाली येऊ लागला. तो पुरता टेकेपर्यंतही हिस्केला दम निघाला नाही; फाटकाखालून वाकून ती त्याच्याकडे धावत सुटली.