न मोडलेल्या चुली

चैत्रातल्या एका सकाळी चंद्रभान माळी अमरावतीच्या कुंभारवाड्यात छपरासाठी कवेलू घ्यायला गेला. शंभर कवेलू पाहिजे होते.

"कोणत्या घराले?" कुंभारानं विचारलं.

"केशवराव अडत्याच्या सात खोल्या म्या घेतल्या. परकोटाच्या भिंतीजवळच्या."

कुंभारानं घासाघीस केली नाही. चंद्रभाननं सांगितलेल्या भावात कवेलू मोजून दिले. चंद्रभानला तो आपला मान वाटला.

दोन वर्षांपूर्वी या शहरात पडवीत अंग टाकायलाही चांदी लागे. दूर देशीची लढाई संपली, तिच्यामुळं चढलेला कापसाचा भाव पडला आणि अर्धी अमरावती रिकामी झाली. केशवरावानं खोल्या मातीमोल काढल्या. चंद्रभाननं वलगावचा मळा विहिरीसकट विकला आणि त्या घेतल्या. आता त्याला दुसरी जागा नव्हती; सातही खोल्या भाड्यानं द्यायच्या म्हणून नवरा-बायको ओसरीतच राहू लागले. मळा घेताना त्यानं माती चोळून पाहिली होती, पाणी चाखलं होतं, शेजारच्या धुऱ्यावरच्या चार जणांना विचारलं होतं. खोल्या घेताना फक्त आढी ठोकून पाहिली. घराबद्दल लोकांना विचारणं त्याला कमीपणाचं वाटलं.

त्याची बायको पार्बताबाई सातही खोल्यांतून फिरली आणि दारात थांबली.

"अवो, साती चुली शाबूत हायेत."

"मग बरंच झालं."

"बाई घर सोडते तवा आपली चूल आपल्या हातानं मोडून जाते. साती जनी विसरल्या काय?"

"घाई असंन. आयत्या चुली पाहून भाडेकरू खुश होईन. हात लावू नको."

आधी तिथं सरकी काढणाऱ्या बायांची सात घरं होती. कापूस पडल्यावर ती आपल्या मुलखात गेली, असं केशवराव म्हणाला होता. समोरच्या गोदाबाईनं मात्र पार्बताबाईला एवढंच सांगितलं, "गेलेलं कोनी पाह्यलं नाही."

पहिला भाडेकरू चांदूरकडचा सहदेव. चौथ्या दिवशी त्यानं गाडी जुंपली. त्याची बायको लीलाबाई पोरीला कडेवर घेऊन उभी होती.

"काहून चालले?" चंद्रभाननं विचारलं.

"रोज सकाळी चूल सारवलेली दिसते, भाऊ. म्या नाही सारवत."

"फुकटात काम होऊन राह्यलं तर रडता काहून?"

"सारवू द्या जी. पन परवा तव्यावर गरम भाकर होती." ती थांबली. "पोरीनं खाल्ली... आता पोरगी माह्या हातचं खात नाही."

पोर आईच्या खांद्यावरून सातव्या खोलीकडं पाहत होती. रडत नव्हती.

नंतर तीन बिऱ्हाडं आली. तिन्ही गेली. चंद्रभानला एका जागी बसवेना. दिवसातून दहादा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चाले. कड्या ओढून पाही, भिंतींना हात लावी. वैशाखातल्या भर दुपारी त्यानं कुदळ उचलली.

सहा चुली सहा घावांत बसल्या. कोरडी, जुनी माती होती. सातव्या खोलीत शिरला तेव्हा बाहेरच्या उन्हानं डोळे दिपलेले होते, म्हणून आधी काही दिसलं नाही. वास आला. ओल्या शेणमातीचा, आणि ज्वारीची भाकर भाजल्याचा. मग परातीत थापल्याचा आवाज. एक... दोन...

त्यानं कुदळ वर नेली.

"थांबा जी," कोपऱ्यातून एका बाईचा आवाज आला. हळू, घरातल्यासारखा. "पोरं जेवून राह्यली."

चंद्रभान उभ्या जन्मात कोणाच्या सांगण्यावरून थांबला नव्हता. आज थांबला. कुदळ डोक्यावर, हात भरून आले. अंधारात बरीच तोंडं सावकाश घास चावत होती.

"हे घर माहं हाये," तो म्हणाला.

"आमी कुठं जावं?"

त्यानं कुदळ हळूच खाली ठेवली.

"माहा मळा गेला, बाई. मंग आमी कुठं राहावं?"

"पह्यली खोली रिकामी हाये. राहा."

"अन्... भाडं?"

चावणं थांबलं. सगळीच तोंडं एकदम थांबली.

"लागंन तवा मागू."

पहिल्या खोलीत पार्बताबाईनं नवी चूल घातली. चंद्रभाननं पुन्हा कोणाला खोली दाखवली नाही. लोक विचारत, "मालक, खोली देता काय?" तो मान हलवून आत जाई. मालक म्हटलं की त्याला दचकायला होई.

दिवाळी सरल्यावर एका संध्याकाळी पार्बताबाई त्याच्याजवळ येऊन बसली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं खाली पाहून सांगितलं, तिला दिवस गेले होते.

चंद्रभानला ते 'लागंन तवा मागू' आठवलं. भिंतीपलीकडून, रिकाम्या खोल्यांच्या पार शेवटच्या टोकाकडून, एक आवाज येत होता. आढ्यावरून दोरी ओढल्याचा, पाळणा बांधताना येतो तसा.