डाव्या हाताने टाकलेले दगड

"बाई, तुम्ही जो दगड टाकून देता, त्याला राग येत असेल का हो?"

प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणी लिस आणि उमी यांनी पैज लावली होती: विचारून दाखव, तळलेली केळी आमच्याकडून! गेल्या वर्षीची मी असते तर घाम फुटला असता. पण यंदा मी वर्गात पहिली आले होते, सरपंचांसमोर माईकवर बोलले होते, आणि तेव्हापासून मला कुणाचीच भीती वाटेनाशी झाली होती. म्हणून विचारला. चाळणीच्या टेबलापलीकडे दोघी तोंडात हिजाबाचं टोक कोंबून हसत होत्या.

हस्तुतीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या जोग्जा शहरातून आलेल्या, आमच्या बाक्सोका नदीकाठी आदिमानवाची हत्यारं शोधणाऱ्या. हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी प्रश्न नीट ऐकला.

"राग यायला आधी आत कुणीतरी असावं लागतं, वेनिंग," त्या म्हणाल्या. "ज्या दगडात कुणी होतं तो ठेवायचा. ज्यात कुणीच नव्हतं तो टाकायचा. हा घे. आहे का कुणी?"

मुठीएवढा गारेचा दगड. मधून चुन्याच्या बोटासारखा पांढरा पट्टा. मी तो उन्हात फिरवला. कडेचे टवके कसेही उडालेले, एक इकडे, एक तिकडे, कोपरे झिजून गुळगुळीत. नदीने लोळवलेला. माणसाचा घाव असा नसतो. माणूस जिथे मारतो तिथे कपचीखाली लहानसा फुगवटा उरतो आणि त्याच्याभोवती तळ्यात खडा पडल्यासारख्या लाटा. आणि टवके ओळीने जातात, कुठेतरी पोचायचं असल्यासारखे.

"कुणी नाही," मी म्हणाले.

"मग टाक."

मी टाकला. ढिगावर ठण्ण वाजला.

हे काम मला फार छान जमायचं. बापाक, म्हणजे माझे वडील, अंगठीचे खडे घासतात, त्यामुळे मी पाळण्यात होते तेव्हापासून दगडच बघतेय. आणि हे नुसतं सुट्टीतलं काम नव्हतं. सुट्टी संपताना बाई एका मुलीला जोग्जाला नेणार होत्या, स्वतःच्या घरी ठेवून शिकवायला. ती मुलगी मीच असणार होते. लिसला आणि उमीला तेही माहीत होतं, म्हणून तर त्या मला इतकं छळायच्या. घरी बापाकनी आधीच नवी बॅग आणून खिळ्याला टांगली होती.

दुपारी इबू, माझी आई, सगळ्यांसाठी तिवुल, म्हणजे वाळवलेल्या कंदाचा भात, आणि तळलेल्या तेंपेच्या सोया-वड्या घेऊन आली. टोपली खाली ठेवायच्या आधीच ओरडली, "निंग! कुठल्या हाताने टाकतेयस ते?"

मी हाताकडे पाहिलं. डावा. उजव्या हातात नेहमी चांगला दगड असायचा, तो ट्रेमध्ये नीट ठेवायचा. डाव्याने बाकीचे भिरकवायचे. आम्ही सगळेच तसं करत होतो, बाईसुद्धा.

"अगं इबू, दगड आहे तो!"

"म्हणून? घरात आलेल्याला डाव्या हाताने हाकलतं का कुणी? वर 'या पुन्हा' म्हणत नाहीस, 'माफ करा' म्हणत नाहीस. मुलीची जात, जोग्जाला जाऊन काय दिवे लावणार आहे!"

लिस खुदकन हसली. "मावशी, ती तिथे जाऊन डाव्या हातानेच पदवी घेणार आहे."

सगळे हसले. इबू हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या पट्ट्याचा तोच दगड ढिगाच्या अगदी वर होता.

मी उचलला आणि माझा हात थांबला. एका कडेला टवक्यांची ओळ होती. सारख्या अंतराने, एकाच बाजूने. प्रत्येकाखाली फुगवटा आणि लाटा. जुन्या हत्यारांवर चहाच्या डागासारखी साय धरलेली असते. इथे आतला दगड ओल्या काजूसारखा कोरा होता. कडेवर नख फिरवलं तर नखाची पूड निघाली.

"कुणी केली ही गंमत?" बाईंनी विचारलं. आवाज गमतीचा नव्हता.

लिसने कुराणाची शपथ घेतली. उमी म्हणाली, "बाई, मला साधा नारळ फोडता येत नाही."

बाई गुडघ्यावर बसल्या आणि ढिगाभोवतालची माती बोटांनी चाचपू लागल्या. असा एक दगड घडवायचा तर ओंजळभर कपच्या पडतात, काचेसारख्या, पायात घुसणाऱ्या. त्यांनी सागाची पानं बाजूला केली. माती चाळली.

एकही कपची नव्हती.

नंतर रोज सकाळी असे दगड सापडू लागले. आदल्या दिवशी मी ज्यांना 'कुणी नाही' म्हटलं होतं, तेच. बाकीच्यांनी टाकलेलेही. लिस आणि उमी यायच्या बंद झाल्या. लिसच्या आईला म्हणे घरी मदत लागत होती. मी मात्र जात राहिले. घाबरून घरी बसले असते तर जोग्जाला कुणी नेलं असतं?

मग एके दिवशी एक काळा दगड माझ्या डाव्या हातात बसला.

बसला म्हणजे काय, ते सांगते. हत्याराला धरायची जागा असते, त्यात कुणाचीही मूठ कमी-जास्त मावते. पण माझी डावी करंगळी वाकडी आहे. लहानपणी मोटरसायकलवरून पडले होते, ती तशीच जुळली. त्या दगडात अंगठ्याला खळगा होता, तीन बोटांना तीन. आणि चौथा खळगा वाकडा होता. करंगळी त्यात झोपली.

बाईंनी ते पाहिलं.

"हात दाखव." त्यांनी माझा तळवा उलटसुलट केला. "वेनिंग, मला खरं सांग. तुला जोग्जाला यायचंय म्हणून तू हे करतेयस का? मला चकित करायला?"

"नाही बाई! मी कशाला—"

"मग तुझ्या हाताचं माप कुणाकडे आहे?"

मला रडू आलं नाही. राग आला. "झाकून ठेवा ना ढीग! तुमच्याच हाताने बांधा. उद्या बघू."

त्यांनी तसंच केलं. संध्याकाळ व्हायच्या आत ढिगावर निळी ताडपत्री ओढली, दोरी आवळली, स्वतःच्या पद्धतीच्या गाठी मारल्या. आणि मला स्वतः घरापर्यंत सोडायला आल्या.

सकाळी गाठी तशाच होत्या. ताडपत्रीवर सागाची वाळलेली फुलं पडली होती, ती हललीसुद्धा नव्हती. बाई माझ्याकडे बघून किंचित हसल्या. मलाही हायसं वाटलं.

त्यांनी गाठी सोडल्या.

ढिगात एकही साधा दगड उरला नव्हता.

सगळे घडवलेले. सगळे कोरे. कडा उन्हात ओल्यासारख्या चमकत होत्या. खाली, आजूबाजूला, कपची एकही नाही.

बाई ढिगाजवळ वाकल्या. मग सवयीने त्यांनी एक उचलला. डाव्या हाताने.

तो बसला.

त्यांच्या डाव्या अनामिकेत जाड अंगठी आहे. दगडाला बोटाच्या खळग्यात आडवी खाच होती, अंगठीच्या रुंदीची. अंगठी तिच्यात गेली तेव्हा बारीक 'टक्' आवाज झाला.

बाईंनी दगड खाली टाकला नाही. फार हळू ठेवला. उजव्या हाताने.

"आपण आवरतोय," त्या म्हणाल्या. "परवा निघायचं. तू माझ्याबरोबर येतेयस. बॅग भर. मी तुझ्या घरी निरोप पाठवते."

मला हेच हवं होतं ना? हेच. पण माझी नजर ढिगावरून हलेना. कडेला तीन दगड बाजूला पडले होते, कुणी वेगळे काढून ठेवावेत तसे. मी "माफ करा" म्हणाले, मोठ्याने, आणि उजव्या हाताने ते उचलून रुमालात बांधले.

घरी बापाक खडे घासायच्या चाकापाशी बसले होते. इबू मिरची वाटत होती. खिळ्यावर बॅग.

"आली जोग्जाची पाहुणी," बापाक म्हणाले. "बाईंचा निरोप आला. परवा ना?"

मी पहिला दगड त्यांच्यापुढे धरला. त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे, उरलेली चाकाने नेली. त्यांनी दगड घेतला, डाव्या हातात फिरवला. तर्जनीचा खळगा आखूड होता.

बापाकनी चाक बंद केलं.

दुसरा इबूचा होता. तिने मिरचीचे हात पुसले, डाव्या हातात धरला, बोटं खळग्यांत अचूक बसली तशी पटकन पाट्यावर ठेवला.

"आणि तो कुणाचा?" तिने विचारलं.

तिसरा चिंचोक्याएवढा होता. मी तो तळहातावर धरला. त्याला खळगे होते, इतके बारीक की तांदळाचा दाणाही मोठा व्हावा. पाच हवे होते, तिथे तीनच. अर्धा दगड घडवलेला, अर्धा अजून नदीचा. पुरा झाला नव्हता.

इबूने तो पाहिला. तिचा डावा हात हळूहळू पोटावर गेला.

बापाक तिच्याकडे बघत राहिले.

"तुला कुणी सांगितलं?" ती मला म्हणाली, अगदी हळू. "मी तर अजून ह्यांनासुद्धा सांगितलं नाही."

मी तो दगड उन्हाकडे धरला. सकाळी रुमालात बांधताना तीन खळगे होते, मी नीट मोजले होते.

आता चौथा दिसत होता.

मी खिळ्यावरची बॅग काढली, बापाकच्या मांडीवर ठेवली आणि माईकवर बोलले होते तशी ताठ उभी राहिले.

"बापाक, इबू," मी म्हणाले, "मी जोग्जाला जात नाही. हा पुरा होईपर्यंत मी इथेच थांबणार आहे. ह्याला कुणीही टाकायचं नाही."